सुट्टी मागायची की सांगायची?

मागच्या खेपेला आपण 'वचन देणे म्हणजे नेमके काय' यावर बोललो होतो. ते व्याख्यान ऐकून आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने न्यूयॉर्कहून लांबलचक ईमेल पाठवला. बी.ए.ला तिने आमच्याकडे तत्त्वज्ञान घेतले होते, पुढे कायद्याकडे वळली, आणि आज तिथल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये असोसिएट वकील आहे. तिच्या परवानगीने त्यातली हकिगत आज सांगणार आहोत. विषय वरकरणी किरकोळ आहे, सणाची सुट्टी. पण ईमेलच्या शेवटी तिने लिहिले होते, "सर, नोकरी सोडू का हे मी विचारत नाहीये. मला सुट्टी मागताच का येत नाही, तेवढं सांगा." प्रश्न चांगला आहे. आम्हाला तो दोन महिने पुरला.

गोष्ट ऑक्टोबर २०२४ ची. तिच्या शेजारच्या खोलीत बसणारा सहकारी सनातनी ज्यू आहे, शब्बाथ काटेकोर पाळणारा. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडा आधी सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडून चांदण्या दिसेपर्यंत चालतो. साधारण पंचवीस तास. या काळात लिहिणे नाही, फोन नाही, संगणक नाही, गाडी नाही. शिवाय वर्षात सणांचे तेरा दिवस असे असतात की तेव्हाही नोकरीधंद्याचे काम वर्ज्य. रोश हशाना म्हणजे नववर्षाचे दोन, योम किप्पुरचा एक, सुक्कोत आणि त्याला जोडून येणाऱ्या सणांचे मिळून चार, पेसाखचे चार, शावुओतचे दोन. इस्राएलबाहेर राहणाऱ्यांचा हा हिशेब. त्या वर्षी रोश हशाना आला ३ आणि ४ ऑक्टोबरला, सुक्कोत १७-१८ ला, आणि त्याचे शेवटचे दोन दिवस २४-२५ ला. तिन्ही वेळा गुरुवार-शुक्रवार, आणि त्याला लागून शब्बाथचा शनिवार. म्हणजे एका महिन्यात तीनदा हा माणूस बुधवारी संध्याकाळी फोन बंद करून जो गेला, तो शनिवारी रात्रीच उगवला!

फर्ममध्ये कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच त्याने सगळ्या तारखा सर्वांच्या कॅलेंडरवर टाकल्या होत्या. बुधवारी दुपारी तो कामाचे टिपण करायचा, आमच्या विद्यार्थिनीकडे सोपवायचा, "शनिवारी रात्री नऊला भेटू" म्हणायचा आणि जायचा. तिन्ही वेळा तिने त्याचे काम ओढले. आनंदाने ओढले, असे ती लिहिते, आणि आमचा त्यावर विश्वास आहे.

पुढच्याच आठवड्यात दिवाळी. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. हिने पार्टनरला विचारले, "जमलं तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थोडी लवकर निघू का?" पार्टनर भला गृहस्थ. म्हणाला, "नक्की कधी असतं ते?" इथे ती अडकली. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली, १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली, आणि लक्ष्मीपूजन कधी यावर देशभर वाद झाला. आईच्या दिनदर्शिकेत शुक्रवार. तिथल्या देवळाच्या पत्रकात गुरुवार, कारण तिकडच्या घड्याळाने अमावास्येची संध्याकाळ गुरुवारीच सापडत होती. आणि न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची पहिलीवहिली सुट्टी मिळाली ती शुक्रवारी. ही म्हणाली, "गुरुवार किंवा शुक्रवार, काहीही चालेल." पार्टनर म्हणाला, "छान, बघू." गुरुवारी एका अशिलाचे काम निघाले, शुक्रवारी दुसऱ्याचे. आई दोन्ही दिवस पाटासमोर बसून अकरापर्यंत वाट पाहत राहिली. पणत्या तेल संपल्यावर आपोआप शांत झाल्या.

सोमवारी शेजारच्या सहकाऱ्याला हे कळले तेव्हा तो चिडला, आणि चिडला तो तिच्यावरच. "गुरुवारी मी होतो की इथे! रात्रभर बसलो असतो. मला सांगितलं का नाहीस?"

आता या फर्म चालतात कशा, ते थोडे समजून घेऊ. अशा ठिकाणी वकिलाचा वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात, तासाचे दहा भाग. अशिलाशी बारा मिनिटे फोनवर बोललात की शून्य पूर्णांक दोन तास, अशी नोंद. १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशनने काढलेल्या एका पुस्तिकेत वकिलाने वर्षाला सुमारे १,३०० तासांचे बिल करावे असे धरले होते. आज मोठ्या फर्ममध्ये असोसिएटकडून १,९०० ते २,००० तासांची अपेक्षा सर्रास असते. यात जेवण, प्रवास, नवशिक्याला शिकवणे, स्वतः वाचणे हे येत नाही. येल विद्यापीठाच्या विधी विद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब मांडून दाखवला आहे. २,२०० तासांचे बिल व्हायचे असेल, तर कामापायी सुमारे तीन हजार तास खर्च होतात. पन्नास आठवड्यांचे वर्ष धरले तर आठवड्याला साठ.

त्यातून या कामाची घाई वेगळीच. १९७० च्या दशकात अमेरिकेत एका कंपनीने दुसरी कंपनी तिच्या मर्जीविरुद्ध गिळायची लाट आली. शनिवार-रविवार गाठून अचानक बोली जाहीर करायची आणि विचार करायला जेमतेम काही दिवस द्यायचे, अशा डावाला तेव्हा 'सॅटरडे नाइट स्पेशल' म्हणत. मूळ शब्द स्वस्तातल्या पिस्तुलाचा! असल्या लढायांत ज्या फर्म पुढे आल्या, त्यांतल्या काही ज्यू वकिलांनी उभ्या केलेल्या होत्या, कारण वॉल स्ट्रीटच्या जुन्या फर्म त्यांना कित्येक वर्षे दारात उभे करत नव्हत्या. ज्यांच्या आजोबांनी शनिवार पाळला, त्यांतल्या काही नातवांच्या वाट्याला शनिवारी रात्री सुरू होणारी लढाई आली. इतिहास असाच चालतो.

तुम्ही म्हणाल, कामगार कायदे काय करतात? वकिलांसाठी फारसे काही नाही. अमेरिकेतल्या जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यातून वकील 'व्यावसायिक' म्हणून वगळलेले आहेत. आपल्याकडेही १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका वकिलांच्या फर्मच्या खटल्यात म्हटले की वकिलाची कचेरी ही दुकाने-आस्थापना कायद्याच्या अर्थाने 'व्यापारी आस्थापना' होत नाही. दुसऱ्यांच्या कामाचे तास जे लढवतात, त्यांच्या तासांना कुंपण नाही.

मग त्या शब्बाथवाल्या सहकाऱ्याला कुंपण कुठून मिळाले? एक गैरसमज आधी दूर करू. त्याला काम कमी नाही. त्याचे २,००० तास कुणी १,७०० केलेले नाहीत. तो रविवारी येतो, सोमवार ते गुरुवार मध्यरात्रीपर्यंत बसतो. डिसेंबरात न्यूयॉर्कला साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे शुक्रवारी दुपारी अडीच-तीनलाच त्याला निघावे लागते, आणि ते तास तो दुसरीकडून भरून काढतो. सुट्टीने त्याच्या कष्टांचे माप बदलले नाही. फक्त ते पंचवीस तास विक्रीला नाहीत, एवढेच ठरले.

'विक्रीला नाहीत' म्हणजे काय, हे समजायला जोसेफ राझ या विधितत्त्वज्ञाची मदत घेऊ. ऑक्सफर्डला त्यांनी अनेक वर्षे शिकवले, २०२२ साली ते वारले. १९७५ च्या 'प्रॅक्टिकल रीझन अँड नॉर्म्स' या पुस्तकात ते सांगतात की आपली सगळी कारणे एका जातीची नसतात. काही कारणे तराजूत घालायची असतात. पाऊस पडतोय हे घरी थांबायचे कारण, भाजी संपली हे बाहेर पडायचे कारण. जे जड ते जिंकले. पण काही कारणे तराजूत बसतच नाहीत. ती सांगतात की अमुक प्रकारची कारणे तराजूत घालूच नकोस. राझ यांच्या कल्पनेला मराठीत आम्ही 'वगळणारी कारणे' म्हणतो. पंचाचा निर्णय, दिलेला शब्द, ही त्याची उदाहरणे. पंचाने बाद दिल्यावर फलंदाज 'पण मी आज फार छान खेळत होतो' हे पारड्यात घालायला लागला, तर त्याला पंच म्हणजे काय हेच कळलेले नाही.

आता हकिगतीकडे या. शब्बाथ हे वगळणारे कारण आहे. अशिलाचे काम किती तातडीचे, किती कोटींचे, हे प्रश्न त्या पंचवीस तासांपुरते दाराबाहेर. त्यामुळे पार्टनरलाही वजन करावे लागत नाही. आणि आमच्या विद्यार्थिनीने काय केले? 'जमलं तर' म्हणून आपली दिवाळी तिने स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवली. समोरच्या पारड्यात अशिलाची निकड. असल्या फर्ममध्ये ते पारडे जड होणार नाही, असा दिवस उगवत नाही. पार्टनर दुष्ट असायची गरजच नाही. वजन करायला दिले, त्याने केले.

यातून कुणी असे समजू नये की शब्बाथला अपवादच नाहीत. जिवावर बेतले असेल तर शब्बाथ मोडायचा, नुसता मोडायचा असे नव्हे, मोडलाच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. डॉक्टर इस्पितळात जातो. जो लीबरमन हे येलला शिकलेले वकील, पुढे कनेटिकटचे सेनेटर आणि २००० साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार. शनिवारी ते प्रचाराला जात नसत. पण सेनेटमध्ये महत्त्वाचे मतदान शनिवारी आले तर गाडीत न बसता चार-पाच मैल चालत जात आणि मत देत. कुठे वाकायचे हे ठरलेले होते, आणि ते ठरवणारा अशील नव्हता.

अशी सुट्टी केवळ समजूतदारपणावर चालते असेही नाही, मागे कायदा आहे. त्या कायद्याची वाटचाल मात्र बरीच अडखळती. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धर्मावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी केली. पण शनिवारी न येणाऱ्याला काढले, तर तो भेदभाव की शिस्त? १९७२ साली दुरुस्ती झाली: मालकाला 'अवाजवी जाच' होत नसेल तर त्याने धर्माचरणाला वाजवी सवलत दिली पाहिजे. ही दुरुस्ती आणणारे सेनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ स्वतः शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. पाचच वर्षांत, १९७७ साली, लॅरी हार्डिसन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या भांडारात कारकून, शनिवार पाळणारे. त्यांची पाळी दुसऱ्याला द्यायची तर ज्येष्ठतेच्या यादीत वरच्या माणसाला हक्काचा शनिवार सोडावा लागला असता. न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटले की नाममात्र खर्चापेक्षा जास्त काही सोसावे लागणे हासुद्धा अवाजवी जाचच. थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत देताना हिशेब मांडला की कंपनीला तीन महिन्यांत फार तर दीडशे डॉलर पडले असते. एवढ्यासाठी माणसाने देव सोडायचा की नोकरी?

हा 'नाममात्र'चा दंडक सेहेचाळीस वर्षे टिकला. मग जेराल्ड ग्रॉफ हे पेनसिल्वेनियातले टपालवाहक आले. हे ख्रिस्ती, रविवार पाळणारे. टपालखात्याने ॲमेझॉनची पार्सले रविवारी पोहोचवायचा करार केला आणि यांची पंचाईत झाली. २०२३ च्या जूनमध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की नाममात्र खर्च पुरेसा नाही. त्या धंद्याचा व्याप लक्षात घेता बोजा भरीव आहे, हे मालकाने दाखवले पाहिजे. सहकाऱ्यांना नुसते रुचत नाही, हे कारण चालणार नाही.

पण सहकाऱ्यांचा प्रश्न असा झटकून टाकता येत नाही. ग्रॉफ आले नाहीत त्या रविवारी कुणीतरी पार्सले वाटलीच. कधी खुद्द पोस्टमास्तरांनी वाटली. १९८५ च्या एका खटल्यात हा पेच फार स्वच्छ दिसतो. कनेटिकट राज्याने कायदा केला होता की जो आपला शब्बाथ अमुक वारी आहे असे सांगेल, त्याला त्या वारी कामावर बोलावताच येणार नाही. अपवाद नाही, मालकाची अडचण बघायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक मताने रद्द केला. सरन्यायाधीश बर्गर यांच्या कारणांत एक असे की ज्यांना धर्माखेरीज दुसऱ्या रास्त कारणासाठी आठवड्याची सुट्टी हवी आहे, त्यांना हा कायदा काहीच देत नाही. म्हातारा बाप सांभाळणाऱ्याने काय करायचे? त्याचा बाप कुठल्या धर्मग्रंथात बसवायचा?

आम्हाला हा निकाल पटतो, आणि तरी त्यात काहीतरी निसटते असेही वाटते. काय निसटते, ते सांगायला कोकणात जावे लागेल.

अलिबागच्या आसपास, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. मराठी बोलणारे, गावांवरून पडलेली 'कर' आडनावे लावणारे, पिढीजात धंदा तेलाचा घाणा. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला, पुष्कळ विधी विस्मरणात गेलेले. पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच दिले, शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. एवढा साधा हिशेब. आता विचार करा, 'शनवार तेली' हे नाव पडल्यावर शनिवारी कोण तेल मागायला जाईल? बरणी रिकामी होत आली तर गृहिणी शुक्रवारीच पोराला पिटाळणार. ती मर्यादा तेल्याने एकट्याने सांभाळली नाही, सगळ्या गावाने तिच्याभोवती आपला आठवडा बेतला. शनिवारी घाणा चालू दिसला असता तर गावालाच चुकल्यासारखे झाले असते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती तेव्हा महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवारच का? साहेबाचा तो चर्चचा वार होताच, पण लोखंड्यांच्या मांडणीत रविवार हा खंडोबाचा वार, हे कारण आवर्जून सांगितले जाते. आम्हाला यात फार शहाणपण दिसते. 'आम्ही दमतो' हे कारण मालकाने तराजूत घातले असते आणि पगाराच्या पारड्याने उडवले असते. 'तो आमच्या देवाचा वार' म्हटल्यावर वजन करायचे कसे? आणि लाभ मात्र खंडोबाला न मानणाऱ्यालाही मिळाला. गिरणी बंद म्हणजे सगळ्यांना बंद. कनेटिकटच्या कायद्यातून जे निसटले, ते इथे साधले होते. एकाच्या श्रद्धेने दार उघडले आणि आत सगळे शिरले.

अशी आणखी एक गोष्ट वॉशिंग्टनची. सर्वोच्च न्यायालयात रूथ गिन्सबर्ग आणि स्टीफन ब्रायर हे दोन ज्यू न्यायाधीश असताना, योम किप्पुरला न्यायालय बसू नये म्हणून ते सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांच्याकडे गेले. रेनक्विस्ट आधी फारसे अनुकूल नव्हते. गिन्सबर्ग सांगत असत की शेवटी त्यांना पटला तो वकिलांचा मुद्दा. एखाद्या ज्यू वकिलाला या न्यायालयात उभे राहायची संधी आयुष्यात एकदाच येते. त्याला 'हा दिवस की तुझा देव' असे विचारायचे का? स्वतःसाठी मागितले असते तर ते कदाचित सवलत मागितल्यासारखे दिसले असते.

आता आपल्या सणांकडे बघू, आणि जरा स्पष्ट बोलू. मूर्ती दीड दिवस ठेवा नाहीतर दहा दिवस. आरती सातला होते, नाहीतर साडेनऊला. मुहूर्त टळला तर पुढचा निघतो. हा लवचीकपणा आपल्याला आवडतो, आम्हालाही आवडतो, त्यामुळे फार जाच झाला नाही. पण कामाच्या जगात लवचीक वस्तू आधी वाकवतात. जे हलू शकते ते हलवले जाते. तेरा तारखा कॅलेंडरवर टाकणाऱ्यापुढे 'गुरुवार किंवा शुक्रवार, काहीही चालेल' हे वाक्य कसे टिकणार?

आणि दुसरे, जे पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही. गौरीच्या दिवशी मुंबईतली एखादी वकीलबाई रजा टाकते, ती विश्रांती घेते का? पहाटे चारला उठून सोळा भाज्या, पुरण, वाढप, हळदीकुंकू. कचेरीचे काम सुटले आणि घरचे सुरू झाले. शब्बाथलाही शुक्रवारचा स्वयंपाक कुणीतरी करतेच, पण सूर्य मावळला की चूल घरच्या बाईलाही बंद. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. वर्षातला एक दिवस बैलाला मिळाला आहे. घरातल्या बाईसाठी असा दिवस आपल्या पंचांगात आम्ही शोधला. अजून सापडलेला नाही.

आमचेही सांगून टाकतो, म्हणजे परदेशातल्या मुलीला शहाणपण शिकवल्यासारखे व्हायला नको. आम्ही तीस वर्षे दिवाळीत उत्तरपत्रिका तपासल्या. पाडव्याच्या सकाळीसुद्धा. घरी कुणी काही म्हटले की सांगायचो, विद्यापीठाचे काम आहे, आमच्या हातात नाही. पाडव्याच्या सकाळी तपासा असे आम्हाला कधीही, कुणीही सांगितले नव्हते. सत्तरी उलटल्यावर हे दिसते, याचे फारसे कौतुक नको.

मग ज्याला देवधर्म नाही, किंवा आहे पण सैल आहे, त्याने कुंपण घालायचे कशाचे? आपल्याकडे यासाठी एक जुनी रीत आहे, संकल्प. पूजेला बसल्यावर गुरुजी आधी काय म्हणवून घेतात? देश, काळ, संवत्सर, अयन, मास, पक्ष, तिथी, वार, गोत्र, नाव. म्हणजे मी कोण, कुठे बसलो आहे, कधी, आणि आता काय करणार आहे. हे मोठ्याने म्हणायचे, मनात नव्हे. व्रत घेतले की त्याची मुदत ठरते, नियम ठरतात, संपल्यावर उद्यापनही असते. मनातल्या इच्छेला यातले काहीच नसते. 'संध्याकाळी घरी लवकर जायचा प्रयत्न करीन' ही इच्छा झाली. 'दर गुरुवारी सहानंतर मी नाही, माझ्या जागी अमुक आहे, मंगळवारी त्याच्या जागी मी' याला आकार आहे. त्यात देवाचे नाव घेतले नाही तरी चालेल.

एक शंका इथे रास्त आहे. व्रत एकट्याचे असेल तर ते मोडायलाही एकटाच पुरतो. शब्बाथ पाळणाऱ्याच्या मागे कुटुंब असते, सिनेगॉग असते, तीन हजार वर्षे असतात. खरे आहे. म्हणून तर आम्हाला त्या सहकाऱ्याचे चिडणे फार महत्त्वाचे वाटले. 'मला सांगितलं का नाहीस' असे म्हणणारा एक माणूस भेटला, तरी शनवार तेल्याच्या गावाचा एक छोटा कोपरा तयार झाला. फर्मने शहाणपणा करून प्रत्येक वकिलाला वर्षाचे काही दिवस, कारण न विचारता, आगाऊ जाहीर करायची मुभा द्यावी, हे आमचे मत. त्यात बाप सांभाळणाराही बसेल. पण फर्म शहाण्या होईपर्यंत थांबायचे म्हटले तर वकिली संपेल.

एवढे सगळे आम्ही तिला कळवले. २०२५ च्या जानेवारीत तिने आणि त्या सहकाऱ्याने मिळून तारखा लावल्या. ख्रिसमसला तो बसणार असे ठरले. त्याच्या पेसाखला ही बसली. गंमत बघा, त्या वर्षी २ ऑक्टोबरला योम किप्पुर आणि आपला दसरा एकाच दिवशी आले होते, तेव्हा दोघांनी मिळून एका तिसऱ्याला गाठले. त्याला ना दसरा ना योम किप्पुर. त्याने बदल्यात मुलाच्या वाढदिवसाचा दिवस मागितला, आणि तोही कॅलेंडरवर चढला. राहता राहिली दिवाळी. त्या वर्षीही अमावास्या दोन दिवसांत विभागली होती. तिकडच्या शाळांना २० ऑक्टोबरला सुट्टी, आणि आईच्या दिनदर्शिकेत २१. तिने विचारले, "सर, कोणती टाकू?" आम्ही कळवले, आईला विचार, आणि ती सांगेल ती एकच टाक.